जळालेल्या माळावर पुन्हा सेजब्रश : प्रकल्प नोंदी, ओवायही काउंटी, आयडाहो

२१ ऑक्टोबर २०२३

आज साईट पूर्ण फिरून झाली. सेजब्रश म्हणजे इथल्या माळाचं मूळचं राखाडी-हिरवं, वासाचं झुडूप, ते जळालेल्या उतारावर परत आणायचा आमचा प्रकल्प. आयडाहोचा नैऋत्य कोपरा, ओरेगनची हद्द फार लांब नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये वीज पडून इथे वणवा लागला होता, सोडा फायर म्हणतात त्याला, दोन्ही राज्यांत मिळून २ लाख ८० हजार एकरांच्या आसपास जळालं, त्यातलाच हा एक उतार. तेव्हा वणव्यानंतर इथे भरपूर काम झालं, बी पेरलं, विमानातून टाकलं, तणनाशक मारलं, आणि बऱ्याच ठिकाणी बारमाही गवत छान उभंही राहिलं, पण आमच्या उताराला ते काही लागू पडलं नाही. दक्षिणेकडे तोंड, उंची कमी, वर्षाचा पाऊस २५० मिलिमीटरच्या आतबाहेर म्हणजे सोलापूरच्या निम्मासुद्धा नाही, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात नि वसंतात. उन्हाळा पूर्ण कोरडा. आमच्याकडे माळ हिरवा होतो तेव्हा इथला माळ वाळलेला असतो, ही गोष्ट डोक्यात बसायला मला वेळच लागला.

आता उतारावर काय आहे तर चीटग्रास. मूळचं युरोप-आशियातलं गवत, १९ व्या शतकाच्या शेवटाकडे इकडे आलं आणि अति चराईने उघड्या पडलेल्या जमिनीत बसलं. पानगळीत पहिला पाऊस झाला की उगवतं, हिवाळाभर गुपचूप मुळं खाली सोडत राहतं, आणि वसंतात इथलं मूळचं गवत जागं होईपर्यंत वरच्या थरातलं पाणी पिऊन मोकळं. जूनमध्ये खडखडीत वाळतं. मग एखाद्या ट्रेलरची साखळी रस्त्याला घासून ठिणगी उडाली तरी पुरते. पूर्वी अशा एका जागेला परत आग लागायला ५०-१०० वर्षं नाहीतर त्याहून जास्त लागायची, चीटग्रास माजलेल्या काही भागांत हे अंतर ५-१० वर्षांवर आलंय. आणि सेजब्रश जळालं की मेलंच, बुंध्यातून परत फुटत नाही ते. नवीन यायचं तर बियांतूनच, आणि बी आईझुडपापासून काही मीटरवरच पडतं. म्हणजे एवढा मोठा भाग जळाल्यावर मधल्या जागेत आपोआप काही येणार नाही.

उताराच्या वरच्या बाजूला एक पट्टा मात्र आगीतून वाचलाय. जुनं कमरेएवढं सेजब्रश, मधे ब्लूबंच व्हीटग्रास या देशी गवताचे झुबके, आणि झुबक्यांच्या मधल्या मातीवर शेवाळ नि लायकेनचा काळसर पापुद्रा. तिथे चीटग्रास आहे पण तुरळक. माझी नजर सारखी त्या पट्ट्याकडेच जात होती, प्रकल्प मात्र खालच्या उतारासाठी मंजूर आहे.

गेल्या वर्षी पानगळीत इमॅझापिक हे तणनाशक मारलं होतं, चीटग्रास उगवायच्या आधी जमिनीत बसावं म्हणून. त्याचा परिणाम चांगला दिसतोय, जुनं काड आहे पण नवं उगवलेलं कमी. मधे एक वर्ष मुद्दाम सोडलं, नाहीतर तेच औषध आपल्याच बियांना मारतं.

६ नोव्हेंबर

ड्रिलने पेरणी सुरू. रेंजलँड ड्रिल म्हणजे आपल्या पाभरीचाच राक्षसी अवतार, दगडधोंड्यांवरून उड्या मारत जावं म्हणून प्रत्येक फण वेगवेगळा वरखाली होतो. बियांत भाताचं तूस मिसळतात कारण हलकं बी नि जड बी पेटीत वेगळं होऊन बसतं, एका ओळीत नुसतं हेच आणि दुसऱ्या ओळीत नुसतं ते असं होऊ नये म्हणून. मिक्समध्ये तीन देशी गवतं, ब्लूबंच, सँडबर्ग ब्लूग्रास आणि स्क्विरलटेल. स्क्विरलटेलवर माझा जास्त भरवसा आहे, चीटग्रासशी टक्कर घेणारं जे थोडंफार देशी गवत आहे त्यात हे येतं.

क्रेस्टेड व्हीटग्रास घालायचं की नाही यावर परत वाद. ते रशिया-मध्य आशियाकडचं गवत, स्वस्त, हमखास उगवतं, गुरं खातात, चीटग्रासला दाबतं, आणि गेल्या शतकात लाखो एकरांवर पेरलंय. पण एकदा बसलं की हलत नाही आणि देशी झुडपांनाही आत येऊ देत नाही. मी विरोधात होते, आमचा क्रू लीड अर्धवट बाजूने होता, शेवटी बी आधीच आलेलं असल्यामुळे वाद आपोआप मिटला.

२९ नोव्हेंबर

सेजब्रशचं बी गोळा केलं. हे काम मला मनापासून आवडतं. एका हातात जुनी टेनिसची रॅकेट, दुसऱ्या हातात उघडा खोका, तुरा खोक्यावर वाकवायचा आणि बडवायचा. संध्याकाळी अंगाला, केसांना, ट्रकच्या सीटला सगळ्याला तो वास. दवणा आणि सेजब्रश दोन्ही आर्टेमिसिया, एकाच गोतातले, त्यामुळे जोतिबाच्या चैत्र यात्रेला एकदा जरी गेलेला माणूस असेल तर त्याला इथे फार परकं वाटणार नाही.

पोत्यात जे येतं ते चहाच्या भुकटीसारखं दिसतं आणि त्यातला बराचसा कोंडाच असतो. खरं बी इतकं बारीक की किलोत ४० लाखांहून जास्त बसतात. फार दिवस टिकत नाही, साध्या गोदामात दोन-तीन वर्षांत उगवण संपते, त्यामुळे ज्या वर्षी मोठे वणवे लागतात त्या वर्षी बी मिळत नाही आणि ज्या वर्षी मुबलक असतं त्या वर्षी कुणी घेत नाही.

जात ओळखणं ही वेगळी डोकेदुखी. बिग सेजब्रशच्या तीन मुख्य उपजाती आहेत, वायोमिंग, माउंटन आणि बेसिन. आमचा उतार कोरडा, म्हणजे वायोमिंगच हवी. पानं चुरडून पाण्यात टाकायची, अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा मारायचा, माउंटन असेल तर पाणी निळं चमकतं. वायोमिंग नि बेसिन मात्र त्यावरून नीट वेगळ्या होत नाहीत, तिथे बियांचं वजन बघावं लागतं, वायोमिंगचं बी जड. बाजारात वायोमिंग म्हणून विकलेल्या बियांत भलतंच बेसिन निघाल्याचं संशोधनातून पुढे आलेलं आहे. शेतकऱ्याला बोगस बियाणं दिलं तर निदान त्याच हंगामात बोंब होते, इथे कळायलाच काही वर्षं जातात आणि तोवर बिल देऊन झालेलं असतं. म्हणून स्वतः गोळा करायचा हट्ट.

१९ जानेवारी २०२४

अख्खा डिसेंबर बर्फाची वाट बघण्यात गेला. नुसता गारठा आणि उघडी जमीन. आठवड्यापूर्वी एकदाचं कोसळलं आणि आज पायाला स्नोशू बांधून छातीवर फिरकीचा डबा अडकवून आम्ही बर्फावर बी फेकलं. लोकांना हे विचित्र वाटतं पण कारण सरळ आहे, या बियांना उजेड लागतो, मातीत खोल गेलं की संपलं, म्हणून ड्रिलच्या पेटीत ते घातलं नव्हतं. बर्फावर टाकलं की बर्फ वितळताना बी मातीला नीट चिकटून बसतं आणि ओल जाग्यावर मिळते. एकरी शुद्ध बी जेमतेम शंभर ग्रॅमच्या आतच जातं.

वारा सुटला तेव्हा थांबलो, नाहीतर सगळं शेजारच्या काउंटीत गेलं असतं. बोटं बधिर. घरी फोनवर आईला सांगितलं की आज बर्फात पेरणी केली, तर ती म्हणाली, "तुला तिथं कुणी फसवत तर नाही ना गं?"

५ फेब्रुवारी

ऑफिस. नकाशे. मोंटाना विद्यापीठाचा एक फुकट प्लॅटफॉर्म आहे, उपग्रहांच्या चित्रांवरून १९८६ पासून दर वर्षी कुठल्या तुकड्यावर वार्षिक गवत किती, बारमाही किती, झुडपं किती ते दाखवतो. आमच्या उतारावर २०१५ ची रेघ इतकी स्पष्ट दिसते की वेगळं काही सांगायलाच नको. झुडपं खाली, वार्षिक गवत वर, आणि नंतर सगळी वर्षं पावसाप्रमाणे वरखाली.

वरच्या पट्ट्याचा आलेख पण काढला. तिथे गेल्या काही वर्षांत चीटग्रास हळूहळू वर सरकतंय, फार नाही पण सरकतंय. २०२२ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या पुढाकाराने सगळ्या सेजब्रश प्रदेशाचा जो आराखडा आला त्यात म्हटलंय की २००१ ते २०२० या काळात दर वर्षी सरासरी १३ लाख एकर सेजब्रश चांगल्या स्थितीतून घसरलं. आणि त्याचा सल्ला असा की आधी जे शाबूत आहे ते राखा, मग त्याच्या कडेने वाढवत बाहेर या, पार वाया गेलेलं सगळ्यात शेवटी. पैशाचं गणित मात्र नेमकं उलटं चालतं. आग लागली की निधी येतो, आग न लागलेल्या जागेसाठी कुणाला घाई नसते. मी वरच्या पट्ट्यासाठी दोन पानी टिपण लिहून पाठवलंय. बघू.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस शेजारच्या उंचावरच्या ब्लॉकवर ज्युनिपर तोडायला मदत. आमचा प्रकल्प नाही पण माणसं कमी होती आणि मार्चपासून पक्ष्यांच्या हंगामात तिथे करवत बंद.

ज्युनिपर इथलंच झाड, शत्रू वगैरे नाही. पण आधी गुरांनी गवत खाऊन टाकल्याने आणि नंतर प्रत्येक आग विझवल्याने गेल्या दीडएकशे वर्षांत ते डोंगरमाथ्यावरच्या खडकांतून खाली सेजब्रशमध्ये पसरलं. सेज ग्राउज हा सेजब्रशवर जगणारा इथला पक्षी, त्याला झाड नको असतं, झाड म्हणजे ससाण्या-कावळ्यांना बसायला जागा. ओरेगनमधल्या अभ्यासात दिसलं की झाडांचं आच्छादन ४ टक्क्यांच्या वर गेलं की त्या भागात नर जमून नाचतात तशी एकही नाचाची जागा चालू राहिली नव्हती. चार टक्के म्हणजे बघणाऱ्याला ते जंगल वाटतही नाही, मोकळा माळ आणि इकडेतिकडे चार झाडं एवढंच.

झाडं तोडते म्हटल्यावर गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गहजब. पर्यावरणवाली आणि झाडं तोडते? आता यांना कुठून सुरुवात करून सांगणार. आमच्याच शेजारी नान्नजला माळढोकाचं अभयारण्य, १९७९ पासून, तिथल्या गवताळ माळावरही ग्लिरिसिडिया लावलं गेलं, कारण माळ म्हटलं की ओसाड जमीन आणि ओसाड जमीन म्हटलं की वृक्षारोपण हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माळढोकाला लांबवर बघता येईल असा माळ लागतो. आता नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं, खाली एकाचा अंगठा आणि लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

१२ एप्रिल

सेज ग्राउजच्या नाचाच्या जागेची मोजणी. पहाटे अंधारातच पोचून ट्रक बंद करून बसायचं, काच थोडी खाली, हालचाल नाही, फोनचा उजेड नाही. उजाडायच्या आधी अर्धा तास सुरू होतं. नर छाती फुगवतो, पांढऱ्या गळपट्ट्यातून दोन पिवळट पिशव्या बाहेर येतात, आणि पाण्यात मोठा थेंब पडावा तसा आवाज येतो. शेपटी पंख्यासारखी उभी. माद्या मधून निवांत फिरतात, बाजारात भाजी बघत असल्यासारख्या, आणि बहुतेक माद्या दोन-तीन नरांनाच पसंत करतात, बाकीचे सगळे उगाच मेहनत करून घरी जातात.

मोजायची पद्धत म्हणजे थोड्या थोड्या अंतराने नर पुन्हापुन्हा मोजायचे आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. माद्या लपतात, त्यांचा भरवसा नाही. आज आले ते गेल्या वर्षीएवढेच आले, जास्त नाही कमी नाही. मधे एक सोनेरी गरुड वरून गेला आणि सगळे जमिनीला चिकटले, दहा मिनिटं माळावर काहीच नाही, मग एकाने सुरू केलं की सगळे.

या पक्ष्याचं सेजब्रशवाचून पानही हलत नाही हे अगदी शब्दशः खरं आहे. हिवाळाभर जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खातो, दाणे भरडायची ताकदच त्याच्या पोटात नाही, आणि एवढ्या कडू पानांवर राहून हिवाळ्यात नराचं वजन वाढतंसुद्धा. घरटं सेजब्रशच्या बुंध्याशी. पिल्लांना मात्र पहिले काही आठवडे किडे आणि कोवळी फुलझाडं लागतात, त्यामुळे नुसतं झुडूप उभं करून भागत नाही, खालचं सगळंच लागतं. एकेकाळी जिथे हा पक्षी होता त्यातल्या जेमतेम निम्म्या भागात आज उरलाय. २०१५ मध्ये केंद्राने त्याला संकटग्रस्त यादीत घालायची गरज नाही असं ठरवलं, तेव्हापासून या विषयावर कुठल्याही चहाच्या टेबलावर दोन तट पडतात.

परत येताना कुंपणाच्या तारांना पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावत आलो. पहाटेच्या अंधारात खालून उडणारे पक्षी तारांवर आपटतात, पट्ट्या दिसल्या की आपटणं खूप कमी होतं. स्वस्त काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि खात्रीचं आहे, म्हणून बहुतेक कुणाला त्याचा फोटो काढावासा वाटत नाही.

६ मे

उगवलंय!! सेजब्रशची बाळं. गुडघ्यावर बसून भिंगातून बघावं लागतं, दोन इवलीशी पानं, राखाडी-हिरवी. पण सगळीकडे नाही. जिथे जुन्या जळक्या खोडांच्या आडोशाला बर्फ साठून राहिला होता आणि जिथे घळीची उत्तरेकडे तोंड असलेली बाजू आहे तिथे मोजणीच्या एका चौकटीत बरीच, आणि उघड्या दक्षिण उतारावर जवळजवळ शून्य. बी तेच, तारीख तीच, फेकणारे हातही तेच. फरक फक्त बर्फ किती दिवस टिकला याचा.

ड्रिलच्या ओळीत स्क्विरलटेल दिसतंय, ब्लूबंच जरा कमी. वरच्या पट्ट्यात बाल्समरूटची पिवळी फुलं आणि हॉक्सबियर्ड, त्यावर किड्यांची गर्दी.

१४ जून

ट्रान्सेक्टचे दिवस. टेप लावायची, दर अर्ध्या मीटरला पिन सोडायची, पिनेला वरून खाली जे लागेल ते मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने टॅबलेटवर भरायचं. चीटग्रास, चीटग्रास, काड, माती. चीटग्रास, काड, दगड. दुपारपर्यंत आपण कुठल्या भाषेत बोलतोय तेही कळेनासं होतं. मोज्यांत कुसळं. वसंतात पाऊस बरा झाला त्याचा फायदा आमच्या पेरणीपेक्षा चीटग्रासलाच जास्त झालेला दिसतोय, जांभळं होऊन आता वाळायला लागलंय.

ज्यांच्याकडे या भागाचा चराईचा परवाना आहे ते आजोबा घोड्यावरून आले. पिढ्यान्‌पिढ्या इथे गुरं. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, हा उतार परत येईल?" तर म्हणाले, "पोरी, मी लहान असताना इथे आग लागली की आम्ही बघत बसायचो, ती स्वतःच विझायची, मधे जळायला काही नसायचं. आता मधे सगळीकडे गवत आहे." मग मुद्द्यावर आले. एप्रिलमध्ये चीटग्रास कोवळं असताना गुरं दाट सोडू द्या, खाऊन टाकतील, तुमचं औषध वाचेल.

यात तथ्य आहे. कोवळं असताना गुरं ते आवडीने खातात, आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यांत अशी चराई करून आगीला अडथळा करता येतो. पण ती मुदत अगदी थोडी असते, आणि त्याच वेळी बारमाही गवतही फुटत असतं, गुरं एक आठवडा जास्त राहिली की तेही गेलं. शिवाय पाऊस कधी पडेल त्याप्रमाणे गुरं हलवायची म्हणजे परवान्यातल्या तारखा लवचिक हव्यात, तिथे सगळं अडतं. मी त्यांना म्हटलं, खालच्या रस्त्याकडेला करून बघू, वरच्या पट्ट्यात मात्र वसंतात नको. ते हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. टोपी सारखी करून निघून गेले.

२६ जुलै

धूर. आयडाहोची राजधानी बॉइसीत सूर्य दिवसभर लाल वाटोळा. ओरेगनमध्ये डर्की गावाजवळ १७ जुलैला विजेने आग लागली ती अजून पसरतेय, तीन लाख एकरांकडे चाललीय, गवत आणि सेजब्रशच जळतंय तिथेही. आमची साईट सुरक्षित आहे पण फिल्डवर जाणं बंद, मास्क लावून ऑफिसात डेटा साफ करत बसलोय.

रँचवाल्यांचे स्वयंसेवक अग्निशमन गट या भागात २०१२ पासून उभे राहिले, सरकारी गाडी पोचायच्या आत हेच ट्रकवर पाण्याची टाकी टाकून पोचलेले असतात. आजोबांचा नातूही त्यात आहे. धुराच्या दुसऱ्या दिवशी वरच्या पट्ट्याबद्दलच्या माझ्या टिपणाला अचानक उत्तर आलं, फेब्रुवारीपासून पडून होतं.

१७ सप्टेंबर

उन्हाळ्यानंतरची मोजणी. दक्षिण उतारावर मेमध्ये जी दोन-चार रोपं होती तीही गेली. घळीच्या उत्तरेकडे तोंड असलेल्या बाजूला आणि जळक्या खोडांपाशी काही टिकलीत, बोटभर उंच, आता खरी पानं आलेली. गेल्यात त्यांचं कारण तेच, जूनमध्ये चीटग्रासने वरची ओल संपवली आणि यांची मुळं तेवढ्यात खोल गेली नव्हती. स्क्विरलटेल बऱ्यापैकी टिकलंय, ते खूप बरं झालं.

काल बैठक झाली, ठरलं ते असं. सगळ्या उतारावर परत बी फेकायचं नाही. नोव्हेंबरमध्ये तयार रोपं लावायची, आणि तीही सरसकट न लावता जिथे बर्फ साठतो तिथेच बेटं करून, प्रत्येक रोपाभोवती चीटग्रास खरवडून काढून. या बेटांमधून पुढे बी पडेल, वीसएक वर्षांत. रोपांसाठी दोन ठिकाणी विचारलंय, एक बॉइसीजवळची लकी पीक नर्सरी, आणि दुसरं सीमेपलीकडे ओरेगनमधल्या ऑंटारिओ गावच्या तुरुंगातला उपक्रम, तिथे २०१४ पासून कैदी सेजब्रशची रोपं वाढवतात. त्यांची रोपं मी पाहिलीत, मुळं भरगच्च असतात. आमच्या बियांतूनच वाढवून द्याल का हे विचारायचं राहिलंय, या हंगामाला उशीर झालाय पण पुढच्यासाठी आत्ताच बी द्यावं लागेल.

दक्षिण उताराचा मधला भाग सध्या सोडून द्यायचा. यावर क्रू लीड नाराज, मी नाही.

आणि वरच्या पट्ट्याला अर्धे पैसे मिळाले. तिथे या पानगळीत इंडाझिफ्लॅम हे दुसरं तणनाशक मारणार, ते उगवणाऱ्या बियांना काही वर्षं रोखतं आणि मुरलेल्या बारमाही गवताला नि झुडपांना सहसा धक्का लावत नाही. म्हणूनच खालच्या उतारावर ते चालणार नाही, तिथे आपलंच बी मरेल. अर्ध्या पैशात पट्ट्याचा पूर्वेकडचा भाग होईल, पश्चिमेकडचा पुढच्या वर्षी. हेलिकॉप्टरवाल्याला ऑक्टोबरचा पहिला आठवडा विचारलाय, पहिल्या पावसाच्या आत व्हायला हवं. नकाशाच्या फाइल्स आज रात्री पाठवते.